‘डार्क शॅडोज’मध्ये एवढ्या चुका दिसतात, त्या कापल्या का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा होता: ‘डार्क शॅडोज’ ही १९६६ ते १९७१ मधली अमेरिकन भुताखेतांची डेली सोप आता ऑनलाइन बघायला मिळते. त्यात माइक फ्रेममध्ये घुसतो, कबरीचे दगड डुगडुगतात, ॲक्टर वाक्य विसरून भलतीकडे बघतात, एकदा तर एन्ड क्रेडिट चालू असताना मेन हिरोच कपडे घेऊन आत येतो. हे सगळं एडिटमध्ये काढलं का नाही, लोक एवढे निष्काळजी होते का, आणि अजून काय काय गमती आहेत?

मी मराठी डेली सोपमध्ये आधी फ्लोअरवर आणि मग बरीच वर्षं एडिटला काम केलंय आणि ही मालिका माझ्या फार जवळची आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

पहिलं म्हणजे निष्काळजी अजिबात नव्हते. डॅन कर्टिस हा निर्माता चांगलाच कडक माणूस होता, जोन बेनेट ही चाळीसच्या दशकातली हॉलिवूडची मोठी नटी कॉलिन्स घराण्याची मालकीण एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्ड करत होती, ज्युलिया हॉफमन करणाऱ्या ग्रेसन हॉलला १९६४ च्या सिनेमासाठी ऑस्करचं नॉमिनेशन होतं, बाकीची बरीच मंडळी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची. अशी माणसं ढिसाळपणा करत नाहीत. गडबड कुठे होती तर पद्धतीत, आणि ती पद्धत समजली की प्रत्येक चूक कुठून आली ते आपोआप कळतं.

पद्धत होती लाइव्ह-टू-टेप. म्हणजे एपिसोड लाइव्ह असल्यासारखाच करायचा, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत सलग, फक्त तो हवेत जायच्या ऐवजी टेपवर जायचा. आणि ती टेप म्हणजे आपली बीटाकॅमची कॅसेट नव्हे. दोन इंच रुंद टेप, जडशीळ रिळं, मशीन कपाटाएवढं. या टेपवर चित्र डोळ्याला दिसत नाही, सिनेमाच्या फिल्मसारखी फ्रेम बघून कात्री मारता येत नाही. कापायचंच असेल तर टेपच्या कडेला लोखंडाच्या बारीक भुकटीचं द्रावण लावायचं, त्यानं कंट्रोल ट्रॅकच्या पल्सच्या रेघा उमटतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, बरोबर त्या जागी ब्लेडने कापायचं आणि दुसरा तुकडा पट्टीने चिकटवायचा. केसभर हुकलं की घरी टीव्हीवर चित्र गरगर फिरणार. शिवाय एकदा कापलेली टेप परत वापरायची पंचाईत, आणि टेप इतकी महाग की चॅनेलवाले रेकॉर्डिंग पुसून पुसून तीच तीच वापरायचे. इलेक्ट्रॉनिक एडिटिंग तेव्हा आलं होतं, नाही असं नाही, पण दुपारच्या सोपसाठी तेवढा वेळ आणि मशीन कोण देणार. त्यामुळे कोणाचं एक वाक्य अडखळलं म्हणून टेप कापणं हा विचारच कोणाच्या डोक्यात येत नव्हता. फारच मोठा घोटाळा झाला तरच थांबायचं, नाहीतर पुढे चला.

आता दिवसाचं गणित बघा. आठवड्याला पाच एपिसोड, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटं, आणि एका दिवसात एक. सकाळी आल्यावर कोरडी रिहर्सल, मग कॅमेऱ्यांसकट ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवणं, मग पूर्ण पोशाखात एक रन, आणि दुपारी टेप. टेप संपली की उद्याचं स्क्रिप्ट हातात. आपल्याकडे डेली सोपमध्ये पण रोज एक एपिसोड काढतात हे मला माहितीये, मीच ते भोगलंय, पण आपण सीन तोडतो, मास्टर घेतो, क्लोज घेतो, वाक्य चुकलं की एनजी म्हणून परत घेतो, आणि काहीच जमलं नाही तर एडिटला रिॲक्शन शॉट टाकून झाकतो. त्यांच्याकडे झाकायला काही नव्हतंच. कॅमेरा कट पॅनलवर तिथल्या तिथे, म्युझिक तिथल्या तिथे, मेणबत्त्या, धुकं, विजांचा कडकडाट सगळं तिथल्या तिथे. जाहिरातीची जागा सोडायची ती पण सलग टेपवरच, आणि तेवढ्या एक-दोन मिनिटांत ॲक्टर एका सेटवरून दुसऱ्या सेटवर पळत जायचा, जमलं तर कोट बदलायचा, आणि धाप न लागल्यासारखं दाखवून उभा राहायचा. बरेचदा सीनच्या सुरुवातीला कोणीतरी जरा जास्तच खोल श्वास घेताना दिसतं, ते या पळापळीचं असतं.

हे सगळं मॅनहॅटनमधल्या एबीसीच्या स्टुडिओत व्हायचं. मोठं राजवाड्यासारखं कॉलिनवुड म्हणून जी इमारत आपण बाहेरून बघतो ती ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची सीव्ह्यू टेरेस नावाची हवेली, टायटलमधल्या लाटा पण न्यूपोर्टच्याच, पण आतला दिवाणखाना, जिना, तळघर, कबरस्तान, जंगल हे सगळं साय टोमाशॉफ या कला दिग्दर्शकाने एका स्टुडिओत बसवलेलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. एवढ्याशा जागेत भिंती इकडच्या तिकडे करून त्याने दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे काळ उभे केलेत. मग दार लावल्यावर परत हळूच उघडतं, किंवा धक्का लागून भिंत थरथरते, यात नवल काय. पत्र्या-प्लायच्या सेटवर दार जोरात आपटलं की चौकट हलणारच, आज पण हलते, फक्त आज तो टेक कोणी ठेवत नाही. कबरीचे दगड थर्माकोलसारख्या हलक्या फोमचे. बार्नाबस, म्हणजे मालिकेतला व्हॅम्पायर, अंगावर तो भलामोठा केप घेऊन वळला की केपच्या वाऱ्यानेच दगड हलायचे. वटवाघूळ दोरीला बांधलेलं असायचं, आणि नीट बघितलं तर दोरी दिसते.

बूम माइकचा विषय जरा नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक त्यालाच हसतात आणि तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तेव्हा अंगावर लावायचे छोटे वायरलेस माइक सोपमध्ये नव्हते. चाकांच्या गाड्यावर लांब दांडा, त्याच्या टोकाला माइक, आणि ऑपरेटर तो ॲक्टरच्या डोक्यावरून फिरवत राहणार. एकच कॅमेरा असला तर बूमवाल्याला फ्रेम कुठपर्यंत आहे ते माहीत असतं. इथे मल्टिकॅम, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेरे. एका कॅमेऱ्यावर क्लोज चालू आहे म्हणून माइक खाली आणला आणि डायरेक्टरने वाइड शॉटवर कट मारला की माइक आलाच मधे. त्यात ही भुताची मालिका. इतर सोपसारखा सगळीकडे सपाट उजेड पाडून चालत नाही, अंधार पाहिजे, एका बाजूने कडक लाइट पाहिजे, आणि कडक लाइटमध्ये माइकची सावली भिंतीवर धारदार पडते. ११ ऑगस्ट १९६७ ला एपिसोड २९५ पासून मालिका रंगीत झाली, त्या काळच्या रंगीत कॅमेऱ्यांना लाइट अजून जास्त लागायचा, म्हणजे त्रास अजून वाढला.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आज आपल्याला जेवढे माइक दिसतात तेवढे तेव्हाच्या प्रेक्षकाला दिसतच नव्हते! जुने पिक्चर ट्यूबवाले टीव्ही चित्राच्या चारही कडा चौकटीच्या मागे दाबून टाकायचे, याला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि कॅमेरामनला हे माहीत असायचं म्हणून तो मधला सुरक्षित भाग धरूनच फ्रेम लावायचा. वरच्या कडेला डोकावणारा माइक घरच्या टीव्हीवर कापला जायचा. आता डीव्हीडी आणि स्ट्रीमिंगवर पूर्ण फ्रेम येते, ती पण मोठ्या फ्लॅट स्क्रीनवर, पॉझ करून बघता येते, मग जे कधी दिसायला नकोच होतं ते सगळं दिसतं. त्या बूमवाल्याने त्याच्या काळाच्या हिशोबाने काम बरोबर केलं होतं. अर्थात काही वेळा माइक सरळ फ्रेमच्या मधोमध उतरतो, बाजूने दुसरा कॅमेरा दिसतो, टी-शर्टवाला स्टेजहँड दाराआडून जातो, ते तेव्हाही दिसलंच असणार, ते मी झाकत नाही.

आता वाक्यं विसरण्याबद्दल. इथे जोनाथन फ्रिडबद्दल बोलायलाच लागेल. हा कॅनडातला, हॅमिल्टनचा माणूस, शेक्सपिअर वगैरे करणारा रंगभूमीचा नट. मालिका पहिल्या वर्षी रडतखडत चालली होती, बंद पडायची चिन्हं होती, म्हणून कर्टिसने व्हॅम्पायर आणायचं ठरवलं. १७ एप्रिल १९६७ च्या एपिसोड २१० मध्ये विली लूमिस खजिन्याच्या लोभाने शवपेटी उघडतो आणि एक हात बाहेर येऊन त्याचा गळा धरतो. सगळ्यात गाजलेला सीन. तो हात फ्रिडचा नाही, दुसऱ्याच माणसाचा आहे. फ्रिड दुसऱ्या दिवशी, २११ मध्ये, केप आणि काठी घेऊन कॉलिनवुडच्या दारात उभा राहतो आणि मी इंग्लंडहून आलेला तुमचा नातेवाईक म्हणून ओळख करून देतो. काम थोड्याच आठवड्यांचं ठरलं होतं. त्याचा बेत वेस्ट कोस्टला जाऊन शिकवण्याचा होता, हे चार पैसे मिळाले की निघायचं. पण लोकांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं की मालिका १९७१ पर्यंत गेली आणि तो शेवटपर्यंत राहिला.

या माणसाला रोजचं पाठांतर जड जायचं, आणि ते तो स्वतः मोकळेपणाने सांगायचा. नाटकात एक भूमिका महिनाभर घोटून मग करतात, इथे रोज सकाळी नवीन पानं, आणि बार्नाबसची वाक्यं पण लांबलचक, जुन्या वळणाची, शाप-मृत्यू-अनंतकाळ असली. मग नजर टेलिप्रॉम्प्टरकडे. तुम्ही बघा, तो समोरच्याशी बोलता बोलता एकदम दूर कुठेतरी बघायला लागतो, थांबतो, शब्द शोधतो, मग परत वळतो. आपल्याला माहितीये तो वाचतोय. पण पडद्यावर तेच असं वाटतं की या माणसाच्या डोळ्यांसमोर दोनशे वर्षांपूर्वीचं काहीतरी उभं राहिलंय आणि त्याला ते सांगवत नाहीये. मी तर म्हणेन की बार्नाबस जो नुसता राक्षस न राहता बिचारा, अपराधी, एकटा वाटायला लागला त्यात या अडखळण्याचा फार मोठा वाटा आहे. पाठ चोख असलेला नट असता तर भीती वाटली असती, कणव वाटली नसती. लेखकांनी पण ते पकडलं आणि पुढे त्याला तसाच लिहिला.

आणि एन्ड क्रेडिटवाली गोष्ट. ही समजून घेण्यासारखी आहे. क्रेडिट म्हणजे आपल्याला वाटतं वेगळी पाटी लावली असेल. तसं नाही. एक कॅमेरा कुठल्यातरी रिकाम्या सेटवर लावून ठेवायचा, दिवाणखाना, जिना, टेबलावरची एखादी वस्तू काहीही, आणि त्या लाइव्ह चित्रावर नावं सुपर करायची, म्हणजे एका चित्रावर दुसरं चढवायचं, मागे रॉबर्ट कोबर्टची धून. म्हणजे सीन संपला तरी टेप चालूच. फ्रिडचं काम झालं, तो समजला सुटलो, हातावर आपले कपडे टाकले आणि थेट त्या सेटवरून चालत निघाला. आत आल्यावर त्याच्या लक्षात येतं की कॅमेरा आपल्याकडेच बघतोय, आणि तो झटकन माघारी जातो. नावं आपली सरकतायत. मी ते पन्नासदा तरी बघितलं असेल. त्यात मजा तर आहेच, पण मला त्यात दिसतं ते स्टुडिओचं खरं आयुष्य, टेप संपल्यावरचा तो सुटकेचा क्षण, जो प्रत्येक सेटवर रोज येतो आणि कुठेच रेकॉर्ड होत नाही, इथे चुकून झालाय. म्हणून सांगतो, एन्ड क्रेडिट स्किप करू नका. सोबत त्यात ऑरबाक्स या न्यूयॉर्कच्या दुकानाचं नाव कपड्यांसाठी येतं, आजच्या काळातल्या सीनचे कपडे तिथून यायचे आणि बदल्यात क्रेडिट द्यायचं, आपल्याकडे साड्यांच्या दुकानाचे आभार येतात अगदी तसंच.

माशीचा किस्सा पण प्रसिद्ध आहे. फ्रिडच्या तोंडावर माशी येऊन बसते आणि फिरते, आणि तो गंभीर वाक्य बोलतच राहतो, हात सुद्धा उचलत नाही. लोक याला ब्लूपर म्हणतात. मला विचाराल तर हे कसब आहे. माशी हाकलली असती तर सीन मेला असता आणि टेप थांबली नसतीच. असंच बाकीच्यांचं. प्रॉप जागेवर नसला तर नसलेल्या प्रॉपशिवाय सीन पुढे न्यायचा, मागे कोणी शिंकलं, सामान पडलं, कोणी बोललं तरी मान वळवायची नाही, समोरचा गडबडला तर त्याचंच वाक्य प्रश्न करून त्याच्याकडे परत टाकायचं. ग्रेसन हॉल आणि लुई एडमंड्स या दोघांना सावरून घेताना बघा, शिकण्यासारखं आहे. नवीन ॲक्टर मंडळींना मी आवर्जून हे दाखवतो, कारण रिटेकच्या सवयीने आपल्याकडे ही गोष्ट कमी होत चाललीये.

नावांचे घोळ का होतात ते पण सांगतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये, एपिसोड ३६५ च्या शेवटी, मालिकेची सुरुवातीची नायिका विक्टोरिया विंटर्स एकदम १७९५ मध्ये जाऊन पडते आणि पुढचे काही महिने मालिका त्याच काळात चालते. पात्रं वेगळी पण नटसंच तोच. कॅथरिन ली स्कॉट आजच्या काळात मॅगी, तिकडे जोझेट. ग्रेसन हॉल इकडे डॉक्टर, तिकडे काउंटेस. थेअर डेव्हिडने तर इतक्या भूमिका केल्या की मोजताना दमायला होतं. पुढे मार्च १९६९ पासून १८९७, मग समांतर काळ (तेच घर, तीच माणसं, पण वेगळं आयुष्य), मग १८४०, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी नवीन नाव, नवीन नातं, नवीन चाल. दुपारच्या टेपला तोंडातून जुनं नाव निघून जाणं स्वाभाविक आहे. १७९५ चा भाग मात्र माझ्या मते पूर्ण मालिकेतला सगळ्यात चांगला. लारा पार्करची अँजेलिक ही चेटकीण तिथेच येते, आणि बार्नाबसला शाप कसा लागला ते आपल्याला हळूहळू, त्याच्या घरच्यांच्या डोळ्यांनी कळतं.

याच भागामुळे कथेतली सगळ्यात मोठी गफलत पण झाली. मालिकेच्या सुरुवातीला जोझेट ही जेरेमाया कॉलिन्सची बायको, काळ एकोणिसाव्या शतकातला, १८३० च्या आसपासचा. ती विडोज हिलच्या कड्यावरून उडी मारते, एवढीच दंतकथा. बार्नाबसचं नाव पण कोणी घेतलेलं नाही. एपिसोड ७० मध्ये तिचं भूत तसबिरीतून उतरून जुन्या घराबाहेर फिरतं, फार सुंदर सीन आहे, साध्या सुपरइम्पोझवर केलेला. मग बार्नाबस आला, गाजला, आणि त्याला प्रेयसी पाहिजे म्हणून जोझेट त्याची झाली आणि सगळं काळाच्या हिशोबात मागे, १७९५ ला सरकलं. आज लोक तारखा लिहून ताळा मांडतात आणि चूक काढतात. पण तेव्हा व्हिडिओ नव्हता, रिपीट टेलिकास्ट नव्हता, लेखकाला वर्षापूर्वीचा एपिसोड परत बघायचा मार्ग नव्हता, फक्त टाइप केलेली पानं. घरच्या प्रेक्षकाकडे तर तेवढं पण नव्हतं. कथा चांगली होत असेल तर जुनी तारीख बदला, हा निर्णय मला पूर्ण पटतो.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. विक्टोरिया ही अनाथाश्रमातून आलेली मुलगी, आपले आईवडील कोण हे शोधायला ती कॉलिनवुडला येते, २७ जून १९६६ चा पहिला एपिसोड ट्रेनमध्ये तिच्यापासूनच सुरू होतो, रोजच्या निवेदनात तीच आपलं नाव सांगते. ती एलिझाबेथचीच मुलगी असणार असं वाटायचं, तिचं काम करणारी अलेक्झांड्रा मोल्टके दिसायलाही जोन बेनेटसारखी. पण बार्नाबस आल्यावर सगळा झोत तिकडे गेला, मोल्टके १९६८ मध्ये बाळंतपणासाठी मालिका सोडून गेली, तिच्या जागी एकामागून एक दोन जणी आणल्या, त्या टिकल्या नाहीत आणि विक्टोरियाच कथेतून गेली. आई कोण ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. माइकची सावली मी शंभर वेळा माफ करेन, हे नाही करवत.

कधीकधी प्रॉडक्शनची अडचण कथेत कशी मुरते त्याचं एक छान उदाहरण आहे. १९७० मध्ये कर्टिसने याच मंडळींना घेऊन ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ हा सिनेमा केला, शूटिंग टॅरीटाउनच्या लिंडहर्स्ट इस्टेटवर, आणि मालिका बंद न ठेवता. मग फ्रिड नाही तर मालिकेत काय दाखवायचं? बार्नाबसला समांतर काळात नेलं आणि तिथल्या माणसाने त्याला साखळ्या लावून शवपेटीत कोंडून टाकलं. सिनेमाचं काम होईपर्यंत कित्येक आठवडे तो पेटीतच! आपल्याकडे कलाकार सुट्टीवर गेला की पात्र गावाला जातं किंवा कोमात जातं, इथे व्हॅम्पायर असल्यामुळे पेटी तयारच होती.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. एपिसोड एकूण १२२५, पण शेवटचा, २ एप्रिल १९७१ चा, नंबरने १२४५ आहे. बातम्यांमुळे वगैरे एखाद्या दिवशी टेलिकास्ट रद्द झाला की नंबर गाळून टाकायचे, म्हणजे शुक्रवारचा एपिसोड पाचच्या पाढ्यात राहतो आणि आठवड्याचा हिशोब सोपा जातो. पहिला आणि शेवटचा दोन्ही एपिसोड लेला स्विफ्ट या बाईंनी डायरेक्ट केलेत, त्या काळात टीव्हीवर बाई डायरेक्टर हीच मोठी गोष्ट. शेवटच्या कथेत फ्रिड व्हॅम्पायर नाहीच, ब्रॅमवेल नावाचा साधा माणूस आहे, त्याला पण बदल हवा होता. त्यानंतरच्या सोमवारी त्या वेळेला ‘पासवर्ड’ हा गेम शो लागला.

क्वेंटिन म्हणजे डेव्हिड सेल्बी १९६८ च्या शेवटी भूत म्हणून आला तेव्हा बरेच दिवस त्याला बोलायलाच नव्हतं, नुसतं रोखून बघायचं आणि मागे ग्रामोफोनवर ती धून. ती धून कोबर्टने मुळात कर्टिसच्याच १९६८ च्या ‘जेकिल अँड हाइड’साठी केलेली, इथे परत वापरली आणि १९६९ मध्ये ती बिलबोर्डच्या यादीत तेराव्या नंबरपर्यंत गेली. दुपारच्या सोपची धून! शाळा सुटल्यावर पोरं धावत घरी येऊन ही मालिका बघायची, हे तिच्या यशाचं मोठं कारण. बार्नाबसचा बोर्ड गेम निघाला त्यात प्लास्टिकचे सुळे मिळायचे, आणि फ्रिडला बार्नाबसच्या वेषात व्हाइट हाउसमधल्या मुलांच्या हॅलोवीन पार्टीला बोलावलं होतं. बार्नाबसला म्हातारा करायचा मेकअप १९६७ मध्ये डिक स्मिथने केला. हा माणूस पुढे सिनेमातल्या मेकअपचा गुरू मानला गेला, आणि सोपच्या बजेटमध्ये त्याने केलेलं काम आजही थक्क करतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं आपल्याला बघायला मिळतंय हाच मोठा योग आहे. त्या काळातल्या बहुतेक सोपच्या टेप पुसून टाकल्या, त्यांच्या चुका पण गेल्या आणि चांगलं काम पण गेलं. ‘डार्क शॅडोज’चे जवळजवळ सगळे एपिसोड शिल्लक आहेत, काहींची मूळ रंगीत टेप गेली पण मॉनिटरवरून फिल्मवर उतरवलेली ब्लॅक अँड व्हाइट कॉपी राहिली, तिला किनेस्कोप म्हणतात, म्हणून रंगीत एपिसोडांच्या मधेच एखादा काळापांढरा आला तर तुमचा टीव्ही बिघडलेला नाही. फक्त एक एपिसोड, १२१९, पूर्ण हरवला. तो एका प्रेक्षकाने घरी टेपरेकॉर्डरवर केलेल्या ऑडिओवरून आणि स्टिल लावून परत उभा केलाय. २०१२ मध्ये शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात १३१ डीव्हीडींचा सेट निघाला. त्यात बऱ्याच एपिसोडच्या सुरुवातीला स्लेट तशीच ठेवलीये, नंबर आणि तारखेसकट, कोणीतरी मागे बोलताना पण ऐकू येतं, मला ती ठेवल्याचा फार आनंद आहे.

कुठून सुरू करायचं असं विचारणार असाल तर २१० पासून करा, बहुतेक जण तिथूनच करतात आणि काही अडत नाही. भुताटकी आवडत असेल पण व्हॅम्पायर नको असेल तर आधीचे ब्लॅक अँड व्हाइट एपिसोड पण बघा, त्यातला लॉरा कॉलिन्सचा फिनिक्सवाला भाग फार अंगावर येतो. १९६८ मधला ड्रीम कर्स खूप ताणलाय, एकेक जण तेच स्वप्न परत बघतो, तिथे पुढे ढकलत गेलात तरी चालेल. आणि चुका शोधायच्याच असतील तर पहिल्यांदा एपिसोड सरळ बघा, कथेत शिरा, आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त फ्रेमच्या वरच्या कडेकडे, आरशांकडे आणि भिंतींवरच्या सावल्यांकडे लक्ष ठेवा, तेव्हा बूमवाला, कॅमेरामन, सेटिंगवाले सगळे कुठे उभे होते ते तुम्हाला हळूहळू दिसायला लागेल. क्रोमाच्या (एका रंगाची पार्श्वभूमी काढून दुसरं चित्र बसवायच्या) सीनमध्ये भुताच्या कडेला थरथरणारी रेघ दिसली की समजा रंगीत काळ सुरू झालाय. काही विशिष्ट एपिसोडबद्दल अडलं तर नंबर टाकून विचारा, मी सांगेन.